चव्वेचाळिसाव्या वर्षी लावलेला कथकचा वर्ग (सदाशिव पेठ, पुणे)

पोस्टात दिवसभर काउंटरला बसून पाठ आखडायची, म्हणून तीन वर्षांपूर्वी कथक शिकायचं ठरवलं. आधी दुसरीकडे गेले होते. तिथे तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, पक्का व्हायच्या आतच गॅदरिंगचं गाणं बसवायला घेतलं. गुडघे दुखायला लागले आणि मी सोडलं.

मग या वर्गाच्या ताई भेटल्या. बारा वर्षं त्या आपल्या गुरूंच्या संचात नाचल्या, एकल कार्यक्रमही केले. त्यांच्या गुरू रोहिणीताई भाट्यांच्या शिष्या. ज्यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, ऋग्वेदातलं उषासूक्त कथकमध्ये आणलं, त्या रोहिणीताई. ताई म्हणतात, "स्टेजवर मला फक्त माझे पाय सांभाळायचे होते. शिकवायला लागले तेव्हा कळलं, मला जे येतं ते का येतं हेच मला सांगता येत नाही." ते सांगता यावं म्हणून त्यांनी पहिली दोन वर्षं शेजारच्या पाच मुलींना घरच्या हॉलमध्ये शिकवलं.

त्याचा फायदा आज आम्हाला मिळतो. दहा मात्रांच्या झपतालातली एक साधी तिहाई (तीनदा म्हणायचा तुकडा) आहे, सहाव्या मात्रेवर, खालीवरून (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात) उचलायची: तत् थेई, तत् थेई, तत् थेई. शेवटचा थेई समेवर, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर. मी दर वेळी दहाव्या मात्रेलाच पोचायचे. ताईंनी मला घुंगरू सोडायला लावले, समोर मांडी घालून बसवलं आणि हातावर ताल धरून पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला सांगितले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पायांकडे नाही. मग म्हणाल्या, "दुसऱ्या थेईनंतर तुम्ही श्वास घेता आणि घाई करता. श्वास खालीच्या आधी घ्या." पुढच्या आवर्तनात सम सापडली. माझे डोळे भरून आले होते.

नृत्य बसवतानाही त्या माणूस बघून बसवतात. यंदा पावसावरची रचना होती. मला सलग चकरा झेपत नाहीत. मला मागच्या रांगेत ढकलणं सोपं होतं. त्यांनी मला मध्ये ठाटात, म्हणजे कथकच्या स्थिर डौलदार पवित्र्यात, उभं केलं आणि मुलींच्या चकरा माझ्याभोवती घेतल्या. मी नुसती मान आणि मनगट हलवत होते, आणि प्रेक्षकांना ढग तिथेच दिसत होता. हे माझ्या मुलीने घरी आल्यावर सांगितलं.

तक्रारी दोन. शनिवारच्या बॅचला अठरा जण असतात, छोट्या खोलीत हात पसरले की एकमेकांना लागतात. आणि कार्यक्रमाच्या पोशाखाचा खर्च आठवडाभर आधी सांगितला, तो महिनाभर आधी कळायला हवा. दोन्ही मी ताईंना तोंडावर सांगितलं आहे.

महिन्याची फी दीड हजार. जिना चढून दुसरा मजला, लिफ्ट नाही. फरशीवर जाड सतरंजी नसते, त्यामुळे पहिले दोन महिने टाचा दुखतात. ताई तेव्हा घुंगरू बांधूच देत नाहीत. मोठ्यांची नवी बॅच दसऱ्याला सुरू होते. बुधवारी जा, त्या दिवशी गर्दी कमी असते आणि ताई प्रत्येकाची पढंत वेगळी ऐकतात.