रेवो १२.४ की साधा मेपल? शाफ्ट बदलून नक्की काय बदलतं

प्रीडेटर कंपनीचा रेवो १२.४, म्हणजे पूलच्या क्यूचा (काठीचा) कार्बन फायबरचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग), आता बऱ्यापैकी खेळून झालाय, क्लबात सगळे तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. आधी माझ्याकडे साधा १३ मिमीचा अखंड मेपलचा शाफ्ट होता, मधे मित्राचा ३१४ (प्रीडेटरचाच लाकडी शाफ्ट) पण भरपूर वापरला, त्यामुळे तुलना तिघांची.

आधी ते स्पिनचं. कार्बन घेतला की साइड (बॉलला कडेला मारून दिलेला स्पिन) जास्त लागते असं जे बोलतात ना, ते तसं नाहीये. टिप (शाफ्टच्या टोकाची चामड्याची टोपी) पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून किती लांब लागली आणि किती जोरात, यावर स्पिन ठरतो. बदलतं ते डिफ्लेक्शन, म्हणजे उजवी साइड मारली की पांढरा जरा डावीकडे सरकून निघतो ते. टिप आणि बॉल एकमेकांना लागून असतात साधारण एक मिलिसेकंद, तेवढ्यात बटला (क्यूच्या मागच्या जाड भागाला) पत्ताही लागत नाही, फक्त शाफ्टचा पुढचा वीतभर भाग बाजूला हलतो. तो जड असला की बॉल सरकतो, हलका असला की शाफ्टच बाजूला होतो आणि बॉल बराचसा सरळ जातो. म्हणून तर लो-डिफ्लेक्शनचे लाकडी शाफ्ट पुढून पोकळ करतात, फेरूल (टिपखालची टोपी) छोटी ठेवतात, आणि कार्बन तर मुळात नळीच. निशाणा चुकायची भीती कमी झाली की आपण टिप आणखी कडेला न्यायला लागतो, आणि मग वाटतं शाफ्टनेच स्पिन दिला.

३१४ मधे मेपलच्या पाचरी गोलाकार चिकटवलेल्या असतात. अखंड लाकडाला रेषांची दिशा असते, त्यामुळे क्यू हातात फिरवून धरला की थोडा वेगळा वागू शकतो, ३१४ मधे ती भानगड जवळपास नाही. फीलच्या बाबतीत मला अजून हाच आवडतो, लाकडाचा तो मऊ ठोका कार्बनमधे येत नाही. कार्बनचा आवाज कोरडा, टक्क असा, पहिले काही दिवस जाम खटकतो. पण फील म्हणतो त्यातला बराचसा भाग हा आवाजच असतो, आणि उरलेल्यात टिपचा वाटा मोठा. सेम शाफ्टला हार्ड काढून सॉफ्ट टिप लावून बघा, क्यू बदलल्यासारखं वाटेल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्या क्लबातली कापडं स्लो आणि जुनी, त्यावर हळू शॉटला साइड दिली की पांढरा पुढे जाऊन साइडच्याच दिशेला वळतो. जुन्या शाफ्टमधे सरकणं आणि वळणं एकमेकांना बरंच खाऊन टाकायचं, रेवोमधे सरकणं कमी म्हणून वळणंच जास्त दिसतं आणि सोपे बॉल पॉकेटच्या कडेला लागतात. वर्षानुवर्षं जुन्या शाफ्टवर हात बसलाय त्यांनी हे धरूनच चालावं.

मग पैसे का घालायचे? माझ्या मते पावसाळ्यासाठी. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड दमट होतं, चिकटतं, वाकायची भीती, टेबलाजवळ टाल्कम पावडरचा डबा घेऊन बसायचं. कार्बन दमट हवेने वाकत नाही, टेबलाच्या कडेला लागून खड्डे पडत नाहीत, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला की झाला गुळगुळीत. फक्त टिप लावणाऱ्याला आधीच सांगा की शाफ्टला पॉलिश पेपर लावायचा नाही, कार्बनची धूळ नाकात गेलेली चांगली नाही.

किंमत मात्र अमेरिकेतच ५०० डॉलरच्या आसपास, वर आणण्याचा खर्च. नवीन शिकणाऱ्याने घेऊच नये, चांगली टिप लावलेला सरळ मेपल भरपूर झाला. आणि घ्यायचाच असेल तर आधी आपल्या बटचा जॉइंट (शाफ्ट जिथे बटला स्क्रूने जोडतात ते) कुठल्या प्रकारचा ते बघा, युनी-लॉक आहे की ३/८-१० की रेडियल, नाहीतर शाफ्ट घरी येईल आणि बसणारच नाही.