‘नाइट’वरचं प्रोजेक्ट: ब्लॅकआउट कविता की नकाशा?

न्यू जर्सीत १९९४ पासून शाळांमध्ये होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे. त्यामुळे इथल्या बऱ्याच मराठी घरांत एली वीझेलचं ‘नाइट’, म्हणजे किशोरवयात वडिलांसोबत नाझी छावण्यांत काढलेल्या दिवसांच्या आठवणी, मुलांच्या दप्तरातून येतं, आणि मागोमाग प्रोजेक्ट. भाचीला चार पर्याय दिले होते: ब्लॅकआउट कविता, प्रवासाचा नकाशा, गाण्यांची प्लेलिस्ट आणि बुटांच्या खोक्यात छावणीचं मॉडेल.

मॉडेल मी लगेच बाद केलं. आइस्क्रीमच्या काड्यांच्या बराकी आणि कापसाचा बर्फ! सगळा वेळ गोंद वाळायची वाट बघण्यात जातो, पुस्तक राहतं बाजूला. प्लेलिस्टचंही तेच. या पुस्तकातलं मनात राहणारं संगीत एकच: ग्लायविट्झ छावणीच्या बराकीत, माणसांच्या ढिगाऱ्यात युलिएक नावाचा कैदी मुलगा व्हायोलिनवर बीथोवेन वाजवतो आणि सकाळी तो मेलेला असतो, व्हायोलिन चिरडलेलं. त्यापुढे आपल्या फोनमधली उदास गाणी कशी लावायची?

उरले दोन.

कवितेत छापील पानावरचे मोजके शब्द ठेवून बाकीचे काळे करायचे. वरवर सोपं, पण पान निवडण्यातच अर्धं काम आहे. बहुतेक मुलं छावणीतल्या पहिल्या रात्रीचा उतारा घेतात. तो आधीच कवितेसारखा आहे, त्यात खोडायला काही उरत नाही. त्यापेक्षा छावणीतल्या दोन फाशींची दोन पानं घ्या. पहिल्या फाशीच्या संध्याकाळी सूप कधी नव्हे इतकं चविष्ट लागलं, असं वीझेल लिहितो; लहान मुलाला फासावर चढवलं त्या रात्री त्याच सुपाला प्रेतांची चव होती. दोन्ही पानं शेजारी ठेवली की मुलाला स्वतःचं एक वाक्यही घुसडावं लागत नाही. इंग्रजी लिहायला अडखळणाऱ्या मुलांना हा पर्याय म्हणूनच जमतो. मात्र झेरॉक्सवर करा, आणि राखायचे शब्द आधी पेन्सिलीने चौकटीत घ्या. आम्ही पहिल्या खेपेला थेट मार्कर फिरवला, शाई मागच्या पानावर उतरली, आणि पुस्तक शाळेचं होतं.

नकाशाला वेळ लागतो, निदान आठवडाभर. वीझेलच्या गावापासून शेवटच्या छावणीपर्यंतचे टप्पे असे: सिगेट, काशाउ, बिर्केनाउ, ऑशविट्झ, बुना, ग्लायविट्झ, बुखेनवाल्ड. आजचा नकाशा डाउनलोड केलात की पहिल्याच ठिकाणी फसाल: सिगेट आज रुमानियात आहे, १९४४ च्या मेमध्ये ते हंगेरीच्या ताब्यात होतं. हा फरक कळला की गोष्ट एका मुलापुरती राहत नाही, कारण हंगेरीतून त्या वेळी जेमतेम आठ आठवड्यांत सुमारे ४,४०,००० ज्यूंना हलवलं गेलं. शिवाय आकडे पुस्तकातच आहेत. सिगेटहून निघताना एका डब्यात ८० माणसं. जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डकडे जाणाऱ्या डब्यात शंभरेक चढली, १२ उतरली. रेघेवर एवढं लिहिलं तरी पुरे, काटेरी तारांची चित्रं काढत बसू नका. आणि रेघ वीझेलच्या वडिलांच्या मृत्यूशी थांबवू नका. ते बुखेनवाल्डमध्ये २९ जानेवारीच्या पहाटेच्या आत गेले, छावणी सुटली ११ एप्रिलला. मधल्या काळाबद्दल वीझेल जवळजवळ काहीच सांगत नाही. नकाशावर ती रिकामी जागा तशीच दिसू द्या.

दोन दिवस हातात असतील तर कविता. इतिहासाची गोडी असेल आणि मुदत लांब असेल तर नकाशा, कारण तो करताना पुस्तक पुन्हा उलगडावंच लागतं. कवितेत चलाख मूल एका पानावर भागवू शकतं, हे मान्य.

दोन्हींसोबत बहुधा एक परिच्छेद मागतात: हे असं का केलं? नकाशावाल्याकडे उत्तर तयार असतं. कवितावाला ‘शब्द आवडले’वर अडतो. भाचीने कविता केली. दोन्ही पानांवर ‘सूप’ का ठेवलं, एवढंच समजावायला तिला सबंध शनिवार लागला.