अमेरिकेचा व्हिसा हातात आहे, मग सर्बिया की अल्बेनिया?

ज्यांच्या पासपोर्टात अमेरिकेचा दहा वर्षांचा बी१/बी२ (म्हणजे फिरायला किंवा कामानिमित्त जायचा व्हिसा) पडून आहे, किंवा यूकेचा व्हिसा आहे, किंवा शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) मल्टिपल एन्ट्रीवाला, म्हणजे अनेकदा जाता येणारा आहे, आणि ज्यांना आठवडाभर युरोपात जाऊन यायचंय पण परत अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, लीव्ह लेटर, ९० युरो फी हा सगळा तमाशा करायचा नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही २०२५ मध्ये दोन्हीकडे जाऊन आलो. एप्रिलमध्ये आईला घेऊन सर्बिया, आणि दसरा झाल्यावर ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघंच अल्बेनिया. दोन्हीकडे जेमतेम एकेक आठवडा, त्यामुळे मी काही एक्सपर्ट वगैरे नाही, पण ठरवताना जो घोळ आम्ही घातला तो तुम्ही घालू नये एवढंच.

आधी एक गोष्ट. सर्बिया आपल्याला सरसकट व्हिसा-फ्री आहे असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतायत, ते जुने आहेत. २०१७ पासून खरंच ३० दिवस फ्री होतं, पण १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं, कारण बरेच जण बेलग्रेडला उतरून पुढे युरोपियन युनियनमध्ये घुसायला लागले आणि तिकडून सर्बियावर दबाव आला. आता नुसता आपला पासपोर्ट चालत नाही, सोबत वर सांगितलेल्यापैकी एखादा चालू व्हिसा लागतो. अल्बेनियाचंही तसंच. दोघांचाही नियम कागदावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं, आणि दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर असल्यामुळे तिथे घालवलेले दिवस शेंगेनच्या हिशोबात धरले जात नाहीत. इथपर्यंत दोघं जुळे भाऊ.

फरक एका शब्दाचा आहे. अल्बेनिया म्हणतं की व्हिसा मल्टिपल एन्ट्री हवा आणि तो आधी एकदा तरी वापरलेला हवा, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा असेल तर अमेरिकेत जाऊन आलेले असायला पाहिजे. सर्बिया हे विचारत नाही, व्हिसा चालू आहे आणि तुमचा मुक्काम त्याच्या मुदतीत बसतोय, बास. हे मला कळलं तेव्हा मी अल्बेनियाची हॉटेलं बघून ठेवली होती आणि आईने तर मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. आईचा अमेरिकेचा व्हिसा होता पण कोराकरकरीत, ती गेलीच नव्हती कधी. मग काय, सर्बिया. त्यामुळे तुमच्या घरात कोणाचा व्हिसा नुसताच काढून ठेवलेला असेल तर पुढचं वाचायची तशी गरज नाही, तुमचं उत्तर ठरलेलं आहे. आणि शेंगेनवाल्यांनी एन्ट्रीचा रकाना बघा, पहिल्यांदा जाणाऱ्यांना बऱ्याचदा सिंगल एन्ट्रीच मिळते, तिच्यावर अल्बेनिया नाही.

वापरलेला म्हणजे दाखवायचा कसा, हाही एक प्रश्न आहे, कारण अमेरिकेत हल्ली प्रत्येक वेळी पासपोर्टवर शिक्का मारतातच असं नाही. बायकोच्या पासपोर्टवर २०२३ चा शिक्का होता, माझ्या शेवटच्या ट्रिपचा नव्हताच. मी आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत आल्यागेल्याची सरकारी नोंद असते त्या साइटवरून ट्रॅव्हल हिस्टरी काढून प्रिंट मारून नेली. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. तिरानाच्या, म्हणजे अल्बेनियाच्या राजधानीतल्या, ऑफिसरने बघितलीसुद्धा नाही, पण मुंबईत चेक-इनच्या काउंटरवर तोच कागद कामाला आला, कारण तिथल्या मुलाने आधी "सर, अल्बेनियाचा व्हिसा?" विचारलं, मग सुपरवायझरला बोलावलं, मग दोघं मिळून स्क्रीनवर काहीतरी वाचत बसले आणि मागे रांग वाढत गेली. शेवटी आय-९४ बघून मान डोलावली. सर्बियाच्या वेळीही हेच झालं होतं बरं का, फक्त दहा मिनिटं कमी. खरी इमिग्रेशन आपल्याच एअरपोर्टवर होते असं माझं मत झालंय. ज्या देशात जाताय त्याच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवरचं व्हिसाच्या नियमाचं पान प्रिंट करून ठेवा, मोबाइलवर दाखवू नका, कागदाला आपल्याकडे अजून मान आहे.

आता माझ्यासाठी काटा कुठे फिरला ते सांगतो.

सर्बियात परदेशी माणसाची पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंदणी व्हावी लागते. त्याचा जो कागद मिळतो त्याला तिथे 'बेली कार्टन' म्हणतात, म्हणजे पांढरं कार्ड. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले परस्पर करतात, तुम्हाला कळतही नाही. पण आईला सकाळचा चहा स्वतःच्या हाताचा लागतो म्हणून आम्ही किचनवालं अपार्टमेंट घेतलं होतं, आणि तिथे नोंदणी करायची ती घरमालकाने. आम्ही पोचलो गुरुवारी. मालक भेटलाच नाही, दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाची डबी, त्यात किल्ली. पासपोर्टचे फोटो पाठवले, कार्डाचं विचारलं, त्याचा रिप्लाय "नो प्रॉब्लेम". दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. त्या वर्षी ऑर्थोडॉक्स लोकांचा आणि बाकीच्यांचा ईस्टर एकाच रविवारी आला होता, २० एप्रिलला, आणि तिकडे शुक्रवार ते सोमवार सगळी सुट्टी. मालक गावाला. आपल्याकडे गणपतीत कोकणातला माणूस जसा गायब होतो अगदी तसा.

चार दिवस मी त्या कार्डाच्या मागे. हे काम त्याला ऑनलाइन पाच मिनिटांत करता येतं हे मला एव्हाना वाचून पाठ झालं होतं, त्यामुळे चिडचिड जास्त. मेसेज केला की अंगठा. फोन केला की मागे बकरं भाजल्याचा आणि गाण्याचा आवाज, आणि "टुमॉरो, टुमॉरो". कालेमेग्दान किल्ल्यावर उभे आहोत, खाली सावा आणि डॅन्यूबचा संगम, इतकं सुंदर दृश्य की आईने नकळत हात जोडले, आणि मी मात्र मोबाइलमध्ये नोंदणी नसेल तर दंड किती ते शोधतोय. बायको म्हणाली तू फिरायला आलायस की तारखेला आलायस. मंगळवारी एकदाचा कार्डाचा फोटो आला. आणि गंमत म्हणजे परत येताना एअरपोर्टवर ते कोणी मागितलंच नाही! शिक्का मारला, "बाय". मला आनंद व्हायला हवा होता, पण उलट जास्तच राग आला.

अल्बेनियात यातलं काहीच आमच्या वाट्याला आलं नाही. शिक्का बसला की तुम्ही मोकळे, आज बेरातला कोणा आजींच्या घरात रहा, उद्या सारांडाला, कोणाच्या मागे कागदासाठी लागायचं नाही. तिरानाच्या एअरपोर्टला मदर तेरेसांचं नाव आहे, त्या वंशाने अल्बेनियन, जन्म स्कोप्येचा (आताचं उत्तर मॅसेडोनिया), आयुष्य आपल्या कोलकात्यात, त्यामुळे "इंडिया" म्हटल्यावर काउंटरवरची बाई हसून "नेने तेरेसा" म्हणाली आणि एवढ्यावर आमची मुलाखत संपली. प्रत्येकाला असाच अनुभव येईल असं नाही, रिटर्न तिकीट आणि बुकिंग जवळ असू द्या. पण डोकं शांत ठेवून फिरणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

सर्बियाच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे, उगाच नावं ठेवत नाही. बेलग्रेडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून बस-ट्राम सगळं फुकट केलंय, कुठेही चढा कुठेही उतरा, आईला हे इतकं आवडलं की एकदा उगाच ट्रामने शेवटपर्यंत जाऊन आलो. आणि व्हेज खाणाऱ्यांना एक शब्द सांगतो, 'पोस्नो'. म्हणजे उपवासाचं, मांस नाही, दूध-अंडं नाही. ईस्टरच्या आधी तर बेकऱ्यांत आणि खानावळींत पोस्नोच पोस्नो. फक्त आपल्या उपवासाला बटाटा चालतो तसा त्यांच्या उपवासाला बरेचदा मासा चालतो, त्यामुळे मासा नको हे वेगळं सांगावं लागतं. ईस्टर झाला की मात्र सगळीकडे ग्रिलचा धूर. धुरावरून आठवलं, तिथे रेस्टॉरंटमध्ये आत बसून लोक बिनधास्त सिगरेट ओढतात, आई दोनदा उठून बाहेर आली.

अल्बेनियाचा त्रास वेगळा, तो प्रवासाचा. ट्रेन जवळजवळ नाहीच असं धरून चाला. 'फुर्गॉन' नावाच्या छोट्या व्हॅन, म्हणजे आपलं वडाप, भरली की सुटते. तिराना ते बेरात आम्ही तसेच गेलो, ड्रायव्हरने वाटेत दोनदा थांबून कोणाच्या तरी घरी टोमॅटोच्या पेट्या उतरवल्या. मला कऱ्हाडची आठवण आली, बायकोला पाठदुखीची. आईसोबत असतो तर हेच मी इतकं हसत लिहिलं नसतं, हे कबूल करतो. खाण्याचं म्हणाल तर ब्युरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ, दोन्हीकडे मिळतो, पालकाचा किंवा चीजचा मागा, आणि अल्बेनियात 'फेर्गेसे' म्हणून मिरची-टोमॅटो-पनीरसारखं काहीतरी मिळतं ते पावाबरोबर आम्ही रोज हाणलं, मात्र त्यात कधी कधी मांस घालतात, विचारून घ्या.

दोन सापळे आहेत तेवढे सांगून ठेवतो. एक, सारांडाला समुद्रापलीकडे कोर्फू बेट दिसतं, बोटही जाते, आणि आता इतक्या जवळ आलोच आहोत तर असं वाटतं. ते ग्रीस आहे, म्हणजे शेंगेन, नुसत्या अमेरिकेच्या व्हिसावर तिथे पाय ठेवता येत नाही. दुसरा, कोणी म्हणेल एकाच ट्रिपमध्ये दोन्ही करा. करा, पण कोसोव्होमार्गे रोडने जाऊ नका. तिथे जायला आपल्याला वेगळे नियम आहेतच, शिवाय अल्बेनियातून कोसोव्होत शिरून पुढे सर्बियाच्या सीमेवर गेलात तर ते आत घेत नाहीत, कारण कोसोव्हो हा वेगळा देशच नाही असं सर्बियाचं म्हणणं, मग तुम्ही त्यांच्या देशात भलत्याच दाराने घुसलात असा अर्थ होतो. तिराना-बेलग्रेड विमान घ्या, नाहीतर मॉन्टेनेग्रोमार्गे जा, तिथेही हेच व्हिसे ३० दिवसांसाठी चालतात.

तर ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, कोणाचा व्हिसा कोरा असेल, आणि हॉटेलातच राहायचं असेल, तर सर्बिया घ्या, वाईट वाटणार नाही. हॉटेलात राहिलो असतो तर कदाचित मीही आज वेगळं लिहिलं असतं. पण परत कुठे जाशील असं मला विचारलं तर मी आत्ता बॅग भरून तिरानाला निघेन. नियम दोघांचेही बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवर एकदा बघा, मीसुद्धा जायच्या आदल्या रात्री परत बघितलं होतं.

आईला बेरातचे फोटो दाखवले, ती डोंगरावर एकावर एक रचलेली पांढरी घरं, नुसत्या खिडक्याच खिडक्या. तेव्हापासून तिने न्यू जर्सीला मावशीकडे जायचा धोशा लावलाय. इतकी वर्षं मावशी बोलावून थकली तरी हिला जायचं नव्हतं. आता म्हणते मे महिन्यात जाऊन येऊ, व्हिसा एकदाचा वापरून टाकू.