पाइपची तंबाखू मुरवण्यासाठी बॉलची काचेची बरणी

बॉल या ब्रँडच्या काचेच्या बरण्या अमेरिकेत जॅम, टोमॅटो आणि भाज्या टिकवण्यासाठी घरोघरी वापरल्या जातात. पाइप ओढणारी मंडळी मात्र त्यांत तंबाखू भरून ती वर्षानुवर्षे मुरत ठेवतात. जॉन मेसनने १८५८ मध्ये ज्या आटेदार तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले, तिच्याच वंशातली ही बरणी आहे. तारेच्या चापाच्या, रबरी कडीच्या दिमाखदार बरण्याही मी वापरल्या आहेत आणि तरीही माझा कौल निःसंशय हिलाच आहे.

कारण झाकण. ते दोन भागांचे असते: कडेला मऊ लेपाचे वर्तुळ असलेली पत्र्याची सपाट चकती आणि तिला दाबून धरणारे आटेदार कडे. रबर काही वर्षांनी कडक होऊन चिरते आणि त्याचा वास पानाला लागण्याची धास्ती राहते. इथे चकती खराब झाली तर नवी मिळते, आणि तीही अगदी स्वस्त.

हवाबंद झाकणाला एवढे महत्त्व का, हे मुरण्याची प्रक्रिया पाहिल्यावर कळते. व्हर्जिनिया या जातीच्या तंबाखूचे पान गरम हवेच्या कोठीत वाळवतात. आधी पानातल्या पिष्टाची साखर होते आणि मग ते झटपट सुकवल्यामुळे ती साखर पानातच राहते. बर्ली ही दुसरी जात सावलीत, साध्या हवेवर कित्येक आठवडे वाळते आणि तेवढ्या अवधीत पान आपली साखर स्वतःच खर्चून टाकते. म्हणून मुरण्याचा खरा लाभ व्हर्जिनियाला होतो. तिच्यातली साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात, भाकरीला तव्यावर डाग पडताना होते तीच क्रिया अतिशय संथपणे चालू राहते. पिवळसर फ्लेक, म्हणजे दाबून कापलेल्या तंबाखूची पट्टी, हळूहळू गडद तपकिरी होते आणि वाळल्या गवताचा वास मनुका-अंजिराकडे झुकतो. बरणीत कोंडलेला प्राणवायू सुरुवातीच्या काळात सूक्ष्मजीव आणि ऑक्सिडीकरण यांत वापरला जातो आणि पुढचे बदल त्याच्यावाचून होतात. मध्येच झाकण उघडले की नवी हवा शिरते आणि ही घडी विस्कटते. त्यामुळेच हवा काढून घेणारी यंत्रे मला या कामी निरर्थक वाटतात, आणि जॅमप्रमाणे भरलेली बरणी उकळत्या पाण्यात ठेवणे तर त्याहून वाईट, कारण ज्या सूक्ष्मजीवांवर आपली मदार आहे तेच त्यात मरतात.

एका मोठ्या बरणीऐवजी अनेक लहान बरण्या घ्याव्यात, हे त्यातूनच आले. मात्र इथे एक गफलत होते. आठ औंसांची बरणी म्हणजे २३७ मिलिलिटर. तो द्रवाचा औंस आहे, आणि त्या बरणीत तंबाखू जेमतेम दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम मावते. तोंड रुंद, ८६ मिलिमीटरचेच घ्यावे, कारण ७० मिलिमीटरच्या अरुंद तोंडातून लांब फ्लेक काढताना हमखास मोडते.

दोष सांगायचे तर तळघरातल्या ओलीने वरचे कडे गंजते, आणि काच पारदर्शक असल्याने बरण्या अंधाऱ्या कपाटातच ठेवाव्या लागतात. पारदर्शकतेचा एक फायदाही आहे: पानावर पांढरे काही दिसले तर झाकण न उघडता भिंगाने पाहता येते. चमकदार कण असतील तर ते स्फटिक. कापसासारखे तंतू असतील तर बुरशी, आणि ती बरणी सरळ फेकून द्यावी. मुरलेली तंबाखू सौम्य लागते, निरुपद्रवी होत नाही, हेही इथेच नमूद करतो.

लॅटाकिया या धुरावर वाळवलेल्या तंबाखूच्या मिश्रणांसाठी मी ही बरणी फक्त साठवणीपुरती वापरतो, कारण त्या पानाचा धुरकट तिखटपणा काळाबरोबर उतरत जातो आणि ज्याच्यासाठी ते मिश्रण घ्यावे तेच त्यातून निघून जाते.