शांततेवरच्या वक्तृत्व स्पर्धेला भाड्याचा साउंड: कसा होता?

सेट असा: दोन बारा इंची स्पीकर, छोटा मिक्सर, पोडियमचा माइक, एक कॉर्डलेस. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या दीडशे-दोनशे मुलांच्या शाळेच्या हॉलला एवढा पुरतो. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावले होते, हे बरोबर. मागे ठेवले की शिट्टी वाजतेच.

विषय होता शांतता आणि जीवनाचं मोल. अशा भाषणात आवाज चढवण्यापेक्षा थांबण्याला किंमत. ‘६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, हिरोशिमा’ एवढं म्हणून पाचवीतली मुलगी थांबली, आणि नेमकी तेव्हाच स्पीकरची घरघर हॉलभर ऐकू आली. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर, अर्थिंगमध्ये फरक. दोन्ही एकाच बोर्डावर घेताच घरघर बंद. पण हे आधीच पाहायला हवं होतं. त्या मुलीचा तो क्षण परत येत नाही.

ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण भागही जास्त होता, ‘शांतता’तला ‘श’ कानाला टोचत होता. सांगितल्यावर कमी केला.

ऑपरेटर मात्र गुणी. प्रत्येक मुलाच्या उंचीप्रमाणे स्टँड खालीवर करायचा. माइक वीतभर लांब, जरा तिरका. समोर धरला तर ‘प’, ‘फ’ फुटतात. कॉर्डलेसची जाळी मुठीत धरू नको, हेही हळूच सांगायचा.

बुकिंग करताना अर्धा तास आधी चाचणी मागून घ्या. नुसतं ‘हॅलो, हॅलो’ नको. भाषणातलं एक वाक्य म्हणायला लावा आणि मग दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवा.