हर्नियाचं ऑपरेशन: ओपन की दुर्बिणीचं, जास्त दुखतं कशात?
जांघेतल्या हर्नियाला आधाराची जाळी बहुधा दोन्ही पद्धतींत बसवतातच, फरक दुखण्यात. ओपनमध्ये जांघेत ५-६ सेंटीमीटरची चीर. पहिला आठवडा खोकला आला की हात आपोआप टाक्यांवर जातो, उठायचं तर कुशीवर वळून हाताच्या रेट्याने. दुर्बिणीत तीन छोटी छिद्रं, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. गंमत म्हणजे कधीकधी पोट सोडून खांदाच ठणकतो! ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसचा प्रताप. दोन-तीन दिवसांत ओसरतो. मात्र दुर्बिणीला बहुतेकदा पूर्ण भूल लागते. ओपन नुसती जागा बधिर करूनही होतं. त्यामुळे हृदय कमजोर असलेल्या आजोबांसाठी माझं मत ओपनलाच. ३ महिन्यांनंतरही आग, मुंग्या राहिल्या तर नस दुखावलेली असू शकते. हे ओपनमध्ये थोडं जास्त दिसतं.