दीड मीटरचा आयफेल, नऊ महिन्यांनंतर: लेगो १०३०७ वापरानंतरचा अनुभव

लेगोच्या प्लास्टिक ठोकळ्यांचा आयफेल टॉवर (सेट क्रमांक १०३०७) घेण्याआधी मी बरीच परीक्षणं वाचली. जवळपास सगळी मॉडेल पूर्ण झाल्याच्या आठवड्यात लिहिलेली होती. पहिल्या आठवड्यात कुठलंही मॉडेल चांगलंच दिसतं. मला जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच: हा एवढा उंच प्लास्टिकचा मनोरा पंख्याखाली, नाशिकच्या उन्हाळ्यात, मग पावसाळ्यात, शाळकरी मुलगी असलेल्या घरात महिनोन्महिने उभा राहिला की त्याचं काय होतं? आमच्याकडे तो नोव्हेंबरपासून उभा आहे. म्हणून आता लिहिते आहे.

सेट २०२२ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. तुकडे १०,००१, उंची १४९ सेंटिमीटर, पाया ५७ बाय ५७ सेंटिमीटर. पूर्ण मनोरा चार भागांत सुटा होतो. माझ्यासाठी तो दादाने दुबईहून आणला. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दीड-दोन तास, असं करत मला बांधायला दीड महिना लागला.

मी नोकरीत स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज करते आणि माझे वडील गवंडी होते. त्यामुळे मॉडेल फोटोत कसं दिसतं यापेक्षा भार कुठून कुठे उतरतो, सांधे कुठे येतात, हलवलं तर कुठून तुटेल, याकडे माझं लक्ष आधी जातं. हा अनुभवही त्याच नजरेने लिहिलेला आहे. मिनिफिगर (सेटमधल्या छोट्या बाहुल्या) किंवा रंगसंगतीबद्दल वाचायचं असेल तर इथे फार काही मिळणार नाही.

बांधणीच्या कंटाळ्याबद्दल मात्र आधीच सांगते. मनोऱ्याला बाजू चार, त्यामुळे प्रत्येक गोष्ट निदान चारदा करावी लागते आणि जाळीचे तुकडे तर कितीतरी वेळा. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप चालत होते. मला ते आवडलं. ज्यांना पानागणिक नवं काहीतरी हवं असतं, त्यांना आवडणार नाही.

आता मूळ मुद्दा. ठोकळ्यांच्या मॉडेलची मजबुती म्हणजे तुकड्याची मजबुती, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत लेगोचा २ बाय २ चा एक ठोकळा यंत्रात दाबून पाहिला होता. तो सरासरी ४,२४० न्यूटनपर्यंत टिकला, म्हणजे सुमारे ४३२ किलो वजन. त्या हिशेबाने एकावर एक पावणेचार लाख ठोकळे चढवले, मनोरा साडेतीन किलोमीटर उंच झाला, तेव्हा कुठे सगळ्यात खालचा चिरडेल. म्हणजे दाबाखाली आपल्या घरातलं कुठलंही मॉडेल कधीच मोडणार नाही. मोडतं ते ओढलं जाताना, वाकताना, सांध्यातून सोललं जाताना. ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, आणि खालच्या पोकळ नळ्या एकमेकांना जी पकड देतात (या रचनेच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला अर्ज झाला), ती पकड सरळ वर ओढलं तर बरी टिकते, पण एका कडेने उचकटलं की लगेच हार मानते. आपण ठोकळे वेगळे करतो ते तसेच तर करतो. मॉडेल डिझाइन करणाऱ्याचं खरं कौशल्य म्हणजे कुठल्याही सांध्यावर असं कडेने उचकटणारं बळ येऊ न देणं.

हे मला कळलं ते आयफेलच्या आधी घेतलेल्या एका झुलत्या पुलावरून. तो दुसऱ्या एका कंपनीचा होता, नाव लिहीत नाही. खोक्यावर देखणा, पूर्ण झाल्यावरही देखणा. दोन महिन्यांत मधला भाग बोटभर खाली आला. उलटा करून पाहिलं तर रस्त्याच्या प्लेट्सचे (ठोकळ्यापेक्षा पातळ, चपट्या तुकड्यांचे) दोन थर होते आणि दोन्ही थरांचे सांधे बरोबर एकाखाली एक! वडील विटा रचताना सांध्यावर सांधा कधी येऊ देत नसत. सांधेमोड नसेल तर ती भिंत नाही, नुसती विटांची चवड, असं ते म्हणायचे. त्या पुलाचा रस्ता तशीच चवड होता, फक्त आडवी. शिवाय तुकड्यांची पकडही सारखी नव्हती. काही इतके घट्ट की नख दुखेल, काही फुंकरीने हलतील असे. उन्हाळ्यात ढिले होते ते आणखी ढिले झाले.

पूल मी टाकून दिला नाही. रस्त्याखाली प्लेट्सचे तीन थर दिले, प्रत्येक थराचा सांधा आधीच्या थराच्या मध्यावर येईल असे. तीन प्लेट्सची जाडी बरोबर एका ठोकळ्याएवढी, ९.६ मिलिमीटर. पण टोकाला टोक लावलेल्या ठोकळ्यांची ओळ सांध्यात सहज वाकते आणि सांधेमोड केलेल्या तीन प्लेट्सची पट्टी वाकत नाही. पूल आता सरळ आहे. स्वतःच्या कल्पनेने मॉडेल बांधणाऱ्यांनी निदान ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अर्धी दुखणी तिथेच बरी होतात.

आयफेल बांधताना असं उलटून पाहण्याची मला सवयच लागली होती. प्रत्येक टप्प्याला मी थांबून विचारत होते, हा तुकडा इथे का? बहुतेक वेळा उत्तर मिळालं. नुसता भरावासाठी वाटलेला तुकडा चार पानांनंतर दोन भागांना कुलूप लावत होता. जाळीचं काम दिसायला नाजूक आहे, पण पाय उभा राहिल्यावर दोन बोटांनी हलकेच पिळून पाहिलं तर तो पिळला गेला नाही. जाळीत त्रिकोण असले की हे साधतं. चौकोन सांध्यांतून कलू शकतो, त्रिकोण कलायचा तर त्याची एखादी बाजूच लांब किंवा आखूड व्हावी लागते. खऱ्या मनोऱ्याचंही तेच तत्त्व आहे.

तिरकेपणाचं गणित मला सर्वात सुंदर वाटलं. लेगोची मापं ठरलेली: दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, स्टडचा व्यास ४.८, प्लेटची जाडी ३.२. पाच प्लेट्स एकावर एक म्हणजे १६ मिलिमीटर, बरोबर दोन स्टडची रुंदी. ठोकळे आडवे वळवून बांधायची सगळी युक्ती या एका समीकरणावर उभी आहे. पण मोह पाडणारी मापंही आहेत. दोन शेजारच्या स्टडमधली फट ३.२ मिलिमीटर आणि प्लेटही ३.२, मग प्लेट उभी करून त्या फटीत खोचावी असं वाटतं. बसतेही. पण तिथे जराही मोकळीक नसते, प्लास्टिक कायम ताणाखाली राहतं. लेगोच्या डिझायनरांना अशा जोडण्या सेटमध्ये वापरायला मनाई असते. शौकीन लोक त्यांना ‘इल्लीगल’ म्हणतात आणि स्वतःच्या मॉडेलमध्ये बिनदिक्कत वापरतात. मीही वापरल्या आहेत. दोन वर्षांनी ते तुकडे काढले तेव्हा कडांवर पांढरट रेघा होत्या. आयफेलमध्ये नऊ महिन्यांनंतर मी टॉर्च घेऊन चारही पाय तपासले, पांढरी रेघ एकही दिसली नाही.

मग एक दिवस वजनाचा हिशेब केला आणि थक्क झाले. खरा मनोरा आज ३३० मीटर उंच आहे आणि त्याच्या लोखंडी सांगाड्याचं वजन सुमारे ७,३०० टन. आपलं मॉडेल साधारण २२० पट लहान. लांबी २२० पट कमी झाली की आकारमान २२० च्या घनाने कमी होतं. म्हणजे तोच मनोरा, त्याच लोखंडाचा, हुबेहूब या उंचीचा केला तर त्याचं वजन पाऊण किलोही भरणार नाही! मॉरिस कोश्लाँ आणि एमिल नुगिए या दोन इंजिनिअरांनी १८८४ मध्ये पहिली कल्पना मांडली तेव्हा किती कमी लोखंडात किती उंची गाठायची, याचा त्यांनी केवढा विचार केला असेल. माझा प्लास्टिकचा मनोरा त्याच्या कितीतरी पट जड आहे. ठोकळ्यांना पकडीसाठी ठरावीक जाडी लागतेच, तिच्याखाली जाता येत नाही. ही त्या माध्यमाची अट आहे, आणि ती पाळूनही जाळी इतकी हवेशीर दिसते याचं श्रेय डिझायनरला द्यायलाच हवं.

आता नऊ महिन्यांत घडलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

एप्रिलमध्ये माझी मुलगी म्हणाली, “आई, टॉवर खिडकीकडे बघतोय.” मला दिसत नव्हतं. वडिलांचा पितळी ओळंबा घरात आहे. तो पडद्याच्या दांड्यावरून मनोऱ्याशेजारी सोडला आणि दोरीपासून टोकाचं अंतर, मग दोरीपासून पायाच्या मध्याचं अंतर मोजलं. टोक खिडकीकडे ६ मिलिमीटर गेलं होतं. लेकीची नजर आजोबांवर गेली आहे.

माझा पहिला संशय सांध्यांवर. वरचे तीन भाग उतरवले, एकेक पाहिला. सगळे सरळ. मग पाया गुण्याने (काटकोन तपासायच्या हत्याराने) तपासला, तोही सरळ. शेवटी स्पिरिट लेव्हल टेबलावर ठेवली आणि उत्तर मिळालं. टेबलाचा वरचा प्लाय १२ मिलिमीटरचा आणि आधार फक्त चार कोपऱ्यांवर. मनोऱ्याचं सगळं वजन चार पायांमधून उतरतं, त्यातले दोन पाय प्लायच्या मधोमध येत होते. तिथे प्लाय दबला होता. गणितही जुळलं: ५७ सेंटिमीटरच्या पायात जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा फरक पडला की दीड मीटर उंचीवर त्याचे ६ मिलिमीटर होतात. प्लाय मीच निवडला होता. रोज दुसऱ्यांच्या स्लॅबचं डिफ्लेक्शन (भाराने येणारा वाक) तपासते आणि घरच्या टेबलाचं तपासलं नाही, याचं खूप वाईट वाटलं.

तात्पुरते त्या दोन पायांखाली जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे सारले. एक तुकडा, ओळंबा, पुन्हा एक तुकडा, पुन्हा ओळंबा. हे करताना मला खरा मनोरा उभा राहत होता ते १८८७-८९ चं पॅरिस आठवत होतं. तिथे चार पाय चार दिशांनी तिरके वर येत होते आणि पहिल्या मजल्याच्या पातळीवर ते अचूक जुळायला हवे होते. त्यासाठी वाळूच्या पेट्या आणि हायड्रॉलिक जॅक वापरले होते. पेटीतून वाळू सोडली की वरचा भार अलगद खाली येई, जॅकने पाय वर उचलता येई. माझ्याकडे लग्नपत्रिका होत्या. रात्री साडेअकराला दोरी आणि टोक जुळले तेव्हा मी आणि लेक दोघीही ओरडलो.

पुढच्या रविवारी १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्याखाली मधोमध आडवी पट्टी, असं सुताराकडून करून घेतलं. त्यानंतर महिन्यातून एकदा ओळंबा सोडते. चार महिन्यांत फरक शून्य.

पंख्याने काय होतं? पंखा पाचवर असेल तर सगळ्यात वरचा निमुळता भाग किंचित थरथरतो, झेंड्याजवळ पाहिलं तर कळतं. त्याने काही सुटलेलं नाही. धुळीचा त्रास खरा आहे. जाळीच्या आत धूळ बसते आणि फडकं तिथे पोचत नाही. मी अर्धा इंची मऊ रंगाचा ब्रश वापरते, आणि हेअर ड्रायर थंड हवेवर. गरम हवा चुकूनही नको. पावसाळ्याची मला जी भीती होती ती फुकट गेली. तुकडे एबीएस प्लास्टिकचे आहेत, दमट हवेने त्यांना काही झालेलं नाही. ऊन मात्र टाळा. या प्लास्टिकला उन्हाने पिवळेपणा येतो, करड्या रंगावर तो उशिरा दिसेल एवढंच. आमच्या खिडकीला जाड पडदा आहे.

हलवण्याबद्दल. मे महिन्यात खोलीला रंग द्यायचा होता, तेव्हा चारही भाग शेजारच्या खोलीत नेले. वरचे तीन भाग एकट्याने नेता येतात. सर्वात खालचा भाग दोघांनी, पायाच्या तळाला हात घालूनच उचलावा. मी घाईत कमानीला धरून उचलायला गेले आणि जाळीचा एक पट्टा हातात आला. वर लिहिलेलं उचकटणारं बळ मीच लावलं होतं. पट्टा दहा मिनिटांत परत बसला, तुकडा एकही तुटला नाही. दार किती रुंद आहे हे आधी मोजा, ५७ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंचे हात धरून मोजा.

खरा मनोरा तपकिरी छटेचा आहे आणि हा करडा, याची रुखरुख मला अजून वाटते. संध्याकाळी मागे दिवा लावला की ती जाते. तेव्हा रंग दिसत नाही, फक्त जाळी दिसते, आणि भिंतीवर तिची सावली पायापासून टोकापर्यंत सलग वळत जाते. खरं तर ही कड सरळ टप्प्यांची आहे. प्रत्येक टप्प्याला पायांचा तिरकेपणा थोडा कमी होतो, वळण आपला डोळा पूर्ण करतो.

घ्यावा का? ज्यांच्याकडे पक्की जागा आहे, पक्कं टेबल आहे आणि तेच ते काम शांतपणे करायची आवड आहे, त्यांनी जरूर घ्यावा. लहान मुलांना खेळायला हा सेट नाही. माझी लेक अकरा वर्षांची आहे, तिने दुसऱ्या भागाची निम्मी जाळी एकटीने बांधली आणि कुठली निम्मी ते ती पाहुण्यांना दाखवते.

पुढच्या वर्षी आम्ही नव्या घरी जाणार आहोत. मनोऱ्यासाठी चार खोकी मापाने करून घेतली आहेत, आत थर्मोकोलचे कोपरे. नव्या घराच्या प्लॅनवर लेकीने ५७ बाय ५७ चा चौकोन पेन्सिलने आधीच काढून ठेवला आहे, खिडकीपासून लांब.